कबाड्याला हाक मारण्यापूर्वी



मागच्या लेखात आपण सोयाबीन साठवताना ओलावा कसा पाहावा यावर बोललो. आज शेतातून थेट तुमच्या पडवीत येतो. दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. घरोघरी माळे आणि कोनाडे झाडायला काढले आहेत. आमच्या महागाव तालुक्यात याच दिवसांत कबाड्याची गाडी गावोगाव फिरते. पूर्वी तो स्वतः ओरडत यायचा, आता भोंग्यावर रेकॉर्ड लावून येतो, एवढाच फरक. त्याच्या काट्यावर अलीकडे एक वस्तू वरचेवर चढताना दिसते. ती म्हणजे जुनी वॉशिंग मशीन. आपण तिला धुलाई यंत्र म्हणू.

हळदीचा प्लॉट पाहायला मी पूस नदीच्या काठच्या एका गावी गेलो होतो. पाहणी झाल्यावर शेतकऱ्याने चहाला घरी नेले. पडवीत पोत्यांच्या शेजारी दोन डब्यांचे एक जुने यंत्र उभे होते. अंगावर धूळ, वर टोपले. घरच्या म्हाताऱ्या माउलीला मी सहज विचारले, "माय, यात काय ठेवता?"

"मोठ्या डब्यात तूर, लहान्यात कांदे. उंदीर शिरत नाही जी साहेब."

मग एकेक गोष्ट निघाली. यंत्र 1991 साली तिच्या लग्नात आंदण आले होते. बापाने कापसाच्या पैशातून घेतले होते. गावात पहिलेच, म्हणून बायका मुद्दाम पाहायला यायच्या. पण वापरायचे कसे? नळ नव्हता. "हापशीवरून पाणी आणाचं, मशीनीत ओताचं, मंग मशीन धुणार. त्यापेक्षा नदी बरी!" असे म्हणून ती हसली. पुढे घरात नळ आला तेव्हा यंत्र चालू झाले आणि सात-आठ वर्षे चालले. एक दिवस पट्टा तुटला. त्याच सुमारास सुनेसाठी नवे यंत्र आले आणि जुन्याची कणगी झाली. आता मुलगा म्हणतो, दिवाळीआधी देऊन टाकू.

त्याच पडवीत आढ्याला सासऱ्याचा लोखंडी नांगर टांगलेला होता. तेलपाणी केलेला, दसऱ्याला पुजलेला. माउलीने त्याच्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "तो नाही देत कोणी. माह्याच मशीनीचं वजन करते."

मंडळी, मला उत्तर देता आले नाही, कारण या बाबतीत मी स्वतः दोषी आहे. आमच्या घरचे पहिले यंत्र मी असेच किलोवर दिले. सौभाग्यवती माहेरी गेल्या होत्या आणि मी मोठ्या उत्साहाने घर साफ करायला काढले होते. परत आल्यावर त्या रागावल्या नाहीत. झाकणावर पहिल्या दिवशी काढलेले कुंकवाचे स्वस्तिक अजून तसेच होते, तेवढे झाकण तरी ठेवायचे होते, इतकेच म्हणाल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

आता कोणी म्हणेल, नांगराची गोष्ट वेगळी, तो शेतीचा. हे तर प्लास्टिकचे खोके. तर या खोक्याचे कूळ ऐका. अमेरिकेत आयोवा राज्यात न्यूटन नावाचे गाव आहे. तिथे 1893 साली मळणी यंत्राला पेंढ्या पुरवणारे जोड-अवजार बनवण्याचा एक कारखाना निघाला. शेती अवजारांचा धंदा हंगामी असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. हंगाम संपला की कामगार रिकामे. तो रिकामा काळ भरून काढण्यासाठी या मेटॅग कारखान्याने 1907 साली हाताने फिरवायचे लाकडी पिंपाचे धुलाई यंत्र काढले. पुढे शेती अवजारे मागे पडली आणि धुलाई यंत्रेच त्याची ओळख झाली.

खेड्यातल्या घरांत वीज नव्हती, म्हणून 1914-15 च्या सुमारास याच कारखान्याने पेट्रोलवर चालणारे छोटे इंजिन यंत्राला जोडले. बाईने पायाने दांडा दाबायचा, इंजिन फटफट सुरू व्हायचे आणि धुराची नळी खिडकीतून बाहेर सोडायची. आपल्याकडे विहिरीवर डिझेल इंजिन आले तेव्हा पुरुषांना जो आनंद झाला, तोच तिकडच्या शेतकरणीला धुण्याच्या इंजिनाने झाला असणार.

त्या यंत्रांना आज जपणारी माणसे आहेत. कोलोरॅडो राज्यात ईटन या गावी ली मॅक्सवेल नावाच्या विद्युत अभियांत्रिकीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने 1985 पासून जुनी धुलाई यंत्रे गोळा केली. संग्रह हजाराच्या वर गेला आणि गिनेस बुकात नोंदला गेला. हाताची, पायाची, पेट्रोलची, विजेची, सगळी यंत्रे आली. त्यांतली कितीतरी दुरुस्त करून चालू केली. त्यांचा शोध कुठे घेतला जात असे? लिलावात, शेतघरांच्या कोठारात, गंजलेल्या ढिगात. म्हणजे तुमच्या-आमच्या पडवीसारख्याच जागी.

आणि अमेरिकेचेच उदाहरण कशाला? पुण्यात दिनकर केळकर यांचे चष्म्याचे दुकान होते. सुमारे 1920 पासून या गृहस्थांनी वाड्यावाड्यांतून, जुन्या बाजारांतून घरगुती वस्तू वेचल्या: दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, अंग घासायच्या वज्रीसुद्धा. लोक मोडीत घालत होते ते त्यांनी घरी आणले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे राहिलेले ते संग्रहालय आज पुण्यात आहे. वस्तू वीस हजारांच्या आसपास आहेत. आपल्या विदर्भातही वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. 30 डिसेंबर 1938 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ते उघडले. तिथे चरखे आणि ग्रामोद्योगाची साधने पाहायला मिळतात. महागावहून नागपूरला जाताना वर्धा वाटेतच लागते, पोरांना घेऊन एकदा उतरा. वज्री जपण्याजोगी असेल तर धुलाई यंत्र का नसावे? शेतकऱ्याच्या घरात नांगर, मोट, इंजिन, पंप, ट्रॅक्टर असे कितीतरी लोखंड आले. त्यातले बाईच्या कामासाठी आलेले किती? गिरणी गावाची, शिलाई यंत्र काही थोड्या घरी, आणि मग हे.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडचे यंत्र कोणत्या काळातले आहे ते ओळखा. मागच्या बाजूला पत्र्याची किंवा चिकट कागदाची पाटी असते. तिच्यावर नमुना क्रमांक, अनुक्रमांक, व्होल्ट, वॅट आणि पुष्कळदा महिना-वर्ष असते. ती घासून पुसू नका, आधी मोबाइलवर फोटो काढा. आपल्या भागात येणारी पहिली यंत्रे बहुतेक दोन डब्यांची, म्हणजे अर्धस्वयंचलित असत. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. तिथले नाव खेड्यापाड्यांत पोहोचले होते. ती कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामुळे त्या पाटीचे जुने यंत्र तुमच्याकडे असेल तर ते मराठवाड्याच्या उद्योगाच्या इतिहासाचाही एक तुकडा समजा.

दोन डब्यांचे यंत्र समजायला फार सोपे असते. मोठ्या डब्याच्या तळाशी पंख असलेली चकती असते. खालची मोटार पट्ट्याने तिला आळीपाळीने उजवी-डावी फिरवते. (नऊवारी लुगडे टाकले की त्या चकतीवर असा पीळ बसे की सोडवायला दोन बायका लागत. यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नऊवारी नव्हतीच.) लहान डब्याला आपण ड्रायर म्हणतो, पण तो कपडे वाळवत नाही, पिळतो. भोके असलेले भांडे मिनिटाला हजारावर फेरे घेते, कपडा कडेला दाबला जातो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. साखर कारखान्यात काम केलेल्यांना हे लगेच कळेल. साखरेच्या दाण्यांपासून मळी वेगळी करणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. मध काढायचे यंत्रही तसेच. खरा वाळवणारा ड्रायर गरम हवेचा असतो. आपल्याला ऊन आहे, आपल्याला त्याची फारशी गरज पडली नाही.

आता जिवाची गोष्ट, ती नीट वाचा. वर्षानुवर्षे बंद पडलेले यंत्र कुतूहलाने थेट बोर्डाला लावू नका. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, रबर कडक होऊन फुटलेले असते, त्यातून पाणी मोटारीवर झिरपते. ओल्या फरशीवर उभे राहून पत्र्याला हात लावला की झालेच. आधी जाणत्या वायरमनकडून वायरी, मोटार आणि कंडेन्सर तपासून घ्या. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये काही वेळ वीज राहू शकते, म्हणून आत पोरांना हात घालू देऊ नका. घराला अर्थिंग नसेल तर यंत्र चालू करण्याचा विचारच सोडा. चालवायचेच असेल तर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवा.

पिळायच्या डब्याचे झाकण उघडताच वीज तुटून ब्रेक लागायला हवा. जुन्या यंत्रात ब्रेकची तार ढिली पडते आणि झाकण उघडले तरी भांडे फिरतच राहते. त्यात हात घातला तर फिरणारा कपडा बोटे ओढून नेतो. ब्रेक लागत नसेल तर ते यंत्र फक्त पाहण्यासाठी ठेवा, चालवू नका. जपलेली वस्तू चाललीच पाहिजे असे कोठे आहे? नांगर तरी कुठे चालतो!

स्वच्छ करायला तेजाब वापरू नका. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. तळाचा पत्रा गंजला असेल तर रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने गंज काढून तेलाचा हात द्या. हे काम प्लग काढून, चुलीपासून दूर करा. नवा रंग मात्र देऊ नका. जुना रंग, दुकानाचा स्टिकर, कुंकवाचा डाग, हीच तर त्याची कमाई. यंत्र जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवले तर पावसाळ्यात ओल चढत नाही.

काही जण विचारतात, साहेब, याचे लाख-दोन लाख येतील का? नाही येणार. असे सांगणारा दारात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. 2009 साली सौदी अरेबियात अफवा उठली होती की जुन्या सिंगर शिलाई यंत्रात 'लाल पारा' असतो. लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले आणि निघाले काहीच नाही. उलट ज्यांना यंत्र ठेवायचेच नाही त्यांनीही एक करावे: तांब्यासाठी त्याच्या वायरी उकिरड्यावर जाळू नयेत. तो धूर विषारी असतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत धुलाई यंत्रेही येतात. ती नोंदणीकृत केंद्राकडे जायला हवीत.

दुसऱ्या कामाला लावण्याचीही एक रीत आहे. अमेरिकेतले छोटे भाजीपाला शेतकरी धुतलेल्या पालेभाजीचे पाणी झटकायला यंत्राचा पिळणारा भाग वापरतात. कोथिंबीर-मेथीवाल्यांना कल्पना आवडेल, पण ज्यात वर्षानुवर्षे साबण आणि सोडा फिरला त्यात खाण्याची वस्तू घालू नये. तूर साठवणाऱ्या माउलीलाही मी हेच सांगितले.

आणि सर्वांत मोलाची गोष्ट यंत्राच्या आत नसते. एक शंभर पानी वही घ्या. यंत्र कोणी घेतले, कोणत्या साली, कोणत्या दुकानातून, कितीला, एस.टी.च्या टपावरून आले की बैलगाडीतून, ते लिहा. पाणी कुठून आणत, वीज किती तास असे, पहिला कपडा कोणाचा धुतला, तेही लिहा. त्याआधी धुणे कुठे होई, किती दूर डोक्यावरून न्यावे लागे, रिठा वापरत की राखेचे पाणी, मोगरी कोणत्या लाकडाची, हेसुद्धा लिहा. हे सांगणाऱ्या बाया आता साठी-सत्तरीच्या आहेत. त्यांचा आवाजच मोबाइलवर भरून ठेवा. यंत्र दहा वर्षांनीही कुठेतरी सापडेल, आवाज सापडणार नाही. गावात चार-पाच घरांनी मनावर घेतले तर शाळेची किंवा वाचनालयाची एक खोली पुरे. एका भिंतीशी नांगर-वखर, दुसऱ्या भिंतीशी जाते, उखळ, मोगरी आणि हे यंत्र.

परवा त्याच गावी पुन्हा जाणे झाले. तूर कोठीत गेली होती, यंत्र पुसून विटांवर ठेवले होते. मुलाने पुसदहून पट्टा आणला होता, पण वायरमनने तपासले तेव्हा अर्थिंगची तारच तुटलेली निघाली, म्हणून अजून चालू केलेले नाही. नात वही घेऊन आजीजवळ बसली होती. तीन पाने भरली होती आणि गोष्ट अजून लग्नाच्या वरातीपर्यंतच आली होती. "मशीन कवा येते आजी?" नातीने विचारले. "येते न माय," आजी म्हणाली, "आधी नदी तर होऊ दे."

पुढच्या लेखात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी.