घाटात पाचवा गिअर कशाला?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी जिवतीला मामांकडे गेले आणि एका वादात सपशेल हरले. वाद होता गिअरबॉक्सचा. एका बाजूला मी, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, 'थिअरी ऑफ मशिन्स'मध्ये बरे मार्क. दुसऱ्या बाजूला गडचांदूरचे मिस्त्री, ज्यांनी दहावीनंतर पुस्तक उघडलेलं नाही. निकाल काय लागला ते तुमच्या लक्षात आलंच असेल!

मामांची जीप १९६९ सालची आहे. महिंद्राची 'सीजे-३बी', पेट्रोलवर चालणारी, गिअर फक्त तीन. डोंगरावर तिला तोड नाही. पण चंद्रपूरच्या वाटेला सपाट रस्ता लागला आणि काटा साठच्या पुढे गेला की इंजिन असं ओरडतं की शेजारच्याशी खुणेनंच बोलावं लागतं. अशात मामांच्या एका मित्राने बातमी आणली: भंगारात निघालेल्या डिझेल जीपचा पाच गिअरचा बॉक्स स्वस्तात मिळतोय. मी लगेच म्हटलं, "मामा, बसवूनच टाका!"

माझं गणित पक्कं होतं. या जीपचा तिसरा गिअर म्हणजे १:१. मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर ५.३८. सोळा इंची चाकाचा एक फेरा साधारण २.२ मीटर. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २४५० फेरे घेतं आणि ८० ला सुमारे ३२६०. आता मध्ये ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह घाला. ८० च्या वेगाला फेरे पुन्हा २४५० च्या आसपास! आवाज कमी, झीज कमी, पेट्रोलही कमी. पाचवा गिअर काय किंवा ओव्हरड्राइव्ह काय, तत्त्व एकच: इंजिनच्या एका फेऱ्याला शाफ्टचा एकापेक्षा जास्त फेरा.

हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन जगभर याच गोष्टीवर वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. ब्रिटनची एमजीबी घ्या. १९६२ साली आलेली ही दोन सीटची गाडी दिसायला झकास, पण गिअर चार. हायवेवर तिचीही मामांच्या जीपसारखीच कुरकुर. त्यावर शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह जादा पैसे मोजून मिळायचा. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला हा छोटा डबा म्हणजे मध्ये सन व्हील, भोवती प्लॅनेट आणि बाहेर अॅन्युलस. एक बटण दाबलं की सोलेनॉइड तेलाची वाट उघडतो, तेलाच्या दाबाने शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो, आणि क्लच पेडलला पाय न लावता गाडी वरच्या गुणोत्तरात जाते. पुस्तकातली एपिसायक्लिक गिअर ट्रेन खऱ्या रस्त्यावर धावताना बघायची असेल तर यासारखं उदाहरण नाही.

ज्यांच्या गाडीत तो नाही ते आज ओव्हरड्राइव्हवाला दुसरा गिअरबॉक्स शोधून बसवतात, किंवा फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स घालतात. 'बसवतात' हा शब्द मात्र फसवा आहे. नवा बॉक्स जुन्या बेल हाउसिंगला जुळला पाहिजे. इनपुट शाफ्टचे स्प्लाइन क्लचप्लेटमध्ये बसले पाहिजेत. लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट बदला, खालचा आडवा बीम सरकवा, स्पीडोमीटरची केबल बघा. आणि लेकॉकच्या ओव्हरड्राइव्हची एक गंमत ऐका. तो चालू असताना गाडी रिव्हर्स घेतली तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच मोडू शकतो. म्हणून तिथे एक छोटा स्विच असतो, जो फक्त वरच्या गिअरमध्येच करंट जाऊ देतो. वायरिंग करताना तो स्विच विसरला की सगळी मेहनत पहिल्याच पार्किंगमध्ये पाण्यात!

या शौकिनांमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कंपनीने दिलेला नटसुद्धा बदलायचा नाही. दुसरा म्हणतो, नवं आहे ते चांगलंच, घाला. आपल्या हॉस्टेलमध्येही हेच दोन पक्ष आहेत. बाइकच्या बाबतीत चाललेला वाद आठवून बघा! मीसुद्धा दुसऱ्या पक्षात होते. मिस्त्रींनी मला तिथून उठवलं.

त्यांनी माझं गणित शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमचा हिशोब बराबर हाय. पण हे गाडी रोज माणिकगड चढते-उतरते. घाटात पाचवा गिअर काहून पायजे?"

मी म्हटलं, घाटात नको, सपाटीवर वापरतील. तेव्हा ते जीपखाली सरपटत गेले आणि मलाही बोलावलं. या जीपच्या दोन अॅक्सलमधलं अंतर जेमतेम ८० इंच. आधीच आखूड असलेला मागचा शाफ्ट लांब गिअरबॉक्समुळे आणखी आखूड होणार. आखूड झाला की तिरपा होणार, तिरपा झाला की क्रॉस जॉइंट लवकर जाणार. शिवाय बॉक्स बसावा म्हणून खालचा बीम आणि फ्लोअर कापावा लागणार. "कापलं का मंग संपलं," ते म्हणाले.

मी हार मानली नाही. अमेरिकेत जीपच्या ट्रान्सफर केसला मागून जोडायचा ओव्हरड्राइव्ह निघाला होता. त्यात काहीच कापावं लागत नाही, असं मी सांगितलं. मिस्त्रींनी विचारलं, "तो सगळ्याच गिअरमध्ये लागते का?" मी म्हटलं, हो. "मंग घाट उतरताना तो लागलेलाच राहिला तं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कागदावर मांडून बघितलं. मामा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतात. गुणोत्तर १.५५. गाडीला खाली धावू न देता इंजिनच धरून ठेवतं. ओव्हरड्राइव्ह चुकून चालू राहिला तर तेच १.१६ होतं. इंजिनची पकड ढिली पडते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक कुठले? चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही. मागे तुरीची पोती आणि त्यावर बसलेली माणसं. ड्रम तापले की ब्रेक लागत नाहीत, हे आम्ही दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळला.

म्हणून आता माझं मत असं आहे. गिअरबॉक्स गाडीकडे बघून निवडायचा नाही, रस्त्याकडे बघून निवडायचा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जायला कुणी एमजीबीत ओव्हरड्राइव्ह बसवत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. ज्या गाडीला कंपनीच तो देत होती, तिथे सोवळं कशाला पाळायचं? पण तोच डबा माणिकगडच्या उतारावर धोका आहे. 'अपग्रेड' नावाची गोष्ट सगळीकडे सारखी नसते.

दुसरं, कापू नका. बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल असंच काम करा. जुना बॉक्स तेल लावून जपून ठेवा. आज आपल्याला अक्कल आहे असं वाटतं. दहा वर्षांनी कुणाला जास्त असली तर त्याला मागे येता आलं पाहिजे.

तिसरं, कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची 'व्हिंटेज' नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे मामांना तो मार्ग बंदच. तेव्हा पान्याला हात लावण्याआधी आरटीओत विचारा.

आणि शेवटचं, आपल्या कॉलेजसाठी. लॅबमध्ये लाल-निळा रंग दिलेला कापलेला गिअरबॉक्स आहे. दात छान दिसतात, पण तो कुठल्याच रस्त्यावर जात नाही. भंगारातला एक अखंड बॉक्स आणून आम्हाला खोलू द्या, आणि एखाद्या मिस्त्रींना दिवसभर बोलवा. सरांनी मनावर घ्यावं ही विनंती.

मामांनी काय केलं? गिअरबॉक्सचे पैसे नव्या ब्रेक लायनिंगवर आणि व्हील सिलिंडरवर खर्च केले. जीप अजून साठलाच ओरडते. पण माणिकगड उतरताना आता मी सीटचा दांडा घट्ट धरून बसत नाही.