मंजनाच्या डबीपलीकडे

हिरड्यांतून रक्त येते अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की आपल्यापैकी बहुतेकांचा हात आपोआप एखाद्या दंतमंजनाच्या डबीकडे वळतो. रुग्ण परस्पर औषधी दुकानात गेला तर तेथेही तीच डबी त्याच्या हाती पडते. एक गोष्ट मात्र दोन्ही ठिकाणी सहसा घडत नाही. त्याला तोंड उघडावयास कोणी सांगत नाही. अष्टविध परीक्षेत जिव्हेचा समावेश असल्याने जीभ पाहिली जाते. पण तीच जीभ थोडी वर उचलली असता खालच्या पुढील दातांच्या आतल्या बाजूस जो पिवळट काळा, दगडासारखा थर दिसतो तो नजरेआडच राहतो. या थरावर कोणतेही मंजन चालत नाही, हे आपण रुग्णास सांगत नाही आणि पुष्कळदा स्वतःही लक्षात घेत नाही. त्रैमासिकाचे वाचक असलेले वैद्य व औषधविक्रेते या दोघांपुढे याविषयी थोडे परखडपणे लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

दंतरक्षणाची परंपरा आपली आहे, असे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो आणि ते खरेच आहे. चरकांनी दिवसातून दोन वेळा दंतधावन सांगितले. वाग्भटांनी वड, खैर, करंज, अर्जुन, रुई यांसारख्या वृक्षांची, करंगळीएवढ्या जाडीची व बारा अंगुळे लांबीची काडी सांगताना हिरड्यांना इजा होऊ नये, ही अटही घातली. सकाळी आणि जेवणानंतर अशा दोन्ही वेळा त्यांनी नोंदविल्या. पण त्याच प्रकरणात निषेधही आहेत, ते आपण सोयीने विसरतो. अजीर्ण, छर्दी, श्वास, कास, ज्वर, अर्दित, मुखपाक या अवस्थांत दंतधावन करू नये, असे सांगितले आहे. मुखपाक झालेल्या, हिरड्या सुजलेल्या रुग्णाला गेरूमिश्रित खरखरीत मंजन देऊन ‘बोटाने जोरात चोळा’ असे सांगणे हे कोणत्या शास्त्रात बसते?

सुश्रुतांची मांडणी याहून अधिक बोलकी आहे. त्यांनी पासष्ट मुखरोगांची गणना केली; त्यांपैकी पंधरा दंतमूलांचे व आठ प्रत्यक्ष दातांचे आहेत. दातांच्या आठांत दंतशर्करा आहे. दातांवरील मल वाळून वाळूच्या खड्यांसारखा कठीण होणे ही ती अवस्था होय. ती तशीच राहिली तर पुढे तिच्यासह दाताचे पापुद्रे सुटू लागतात, ती कपालिका. चिकित्सा काय सांगितली? प्रथम शर्करा काढावी, तीही दंतमूलांना धक्का न लावता. त्यानंतर लाक्षाचूर्ण मधातून चोळावे. या कामासाठी शस्त्रांच्या यादीत दंतशंकू नावाचे स्वतंत्र शस्त्रही आहे. म्हणजे आधी आहरण, मग प्रतिसारण. आपण मात्र पहिली पायरी गाळून दुसरीच वर्षानुवर्षे विकत आहोत. आजच्या दंतचिकित्सकाकडील स्केलिंग हे त्या पहिल्या पायरीचेच सुधारलेले रूप आहे, असे मी मानतो, आणि ते परक्या शास्त्राचे म्हणून त्यापासून दूर राहण्याचे काहीही कारण मला दिसत नाही.

येथे वैद्याच्या शब्दाला जे वजन आहे त्याचा विचार करावा. ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत इतकी घट्ट आहे की दंतवैद्याने कितीही समजावले तरी रुग्ण उठून जातो आणि दुसऱ्या दिवशी आपल्यापुढे येऊन बसतो. ‘डॉक्टर म्हणतात साफ करा. तुम्ही हो म्हणाल तर करतो.’ यात वस्तुस्थिती अशी की हिरडी व आतील अस्थी आधीच खाली सरकलेली असते, आणि मधल्या पोकळीत साचलेली शर्करा भिंतीतल्या निखळत्या विटांना चिखलाने धरून ठेवावे तशी दातांना धरून असते. ती काढल्यावर मुळातले हलणे उघडे पडते, इतकेच. हे चार वाक्यांत सांगण्यास दोन मिनिटे लागतात. रुग्ण ते आपल्याकडून ऐकतो, कारण आपण त्याच्या आजोबांचा दमाही पाहिलेला असतो.

सांगली जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एक दंतवैद्य दांपत्य आहे. पत्नी लहान मुले व रूट कॅनाल पाहतात, पती दात काढणे आणि कवळ्या. दोघांच्याही कौशल्याविषयी दुमत नाही, पण त्या दवाखान्याचे प्रतिबंधक काम खऱ्या अर्थाने चालते ते तेथील सहायिकेमुळे, असे माझे निरीक्षण आहे. दहावीपर्यंत शिकलेली ही बाई उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये लावते, प्लास्टरच्या दातांवर ब्रश कसा फिरवावा ते प्रत्येकाला दाखवते आणि नंतर त्याच्याकडून करवून घेते. स्त्री रुग्णाला ती ‘मशेरी लावता का?’ असे कधीच विचारत नाही. ‘दिवसातून किती वेळा लावता?’ असे विचारते. पहिल्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ येते, दुसऱ्याला ‘तीनदा’. सासूबाई सोबत असतील तर ती हा प्रश्न आतल्या खोलीत नेऊन विचारते. रुग्णेतिहास घेण्याची ही हातोटी कोणत्याही पदवी अभ्यासक्रमात शिकवली जात असेल असे वाटत नाही. बाहेर नोंदवही सांभाळणारी मुलगी सहा महिन्यांनी कोणाला फोन करावयाचा त्याच्या तारखा लाल शाईने मांडून ठेवते. ती स्वतः फोन करते, आणि ‘दुखत नाही, मग कशाला येऊ?’ या उत्तराला न कंटाळता तोंड देते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दातांची स्वच्छता करणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञांचा व कवळ्या बनविणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग मान्य केला. पण तालुक्याच्या पातळीवर असा प्रशिक्षित स्वच्छता तंत्रज्ञ क्वचितच आढळतो. त्याची उणीव अशा बायका-मुलीच भरून काढतात, आणि त्यांची नावे पाटीवर नसतात.

मशेरीचा विषय निघालाच आहे तर आपल्या व्यवसायाशी त्याचा असलेला संबंध सांगितला पाहिजे. ‘आयुर्वेदिक’ या परवान्याखाली तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट एकेकाळी राजरोस विकली जात होती. केंद्र शासनाने ३० एप्रिल १९९२ रोजी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या आधारे अशा उत्पादनांवर बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बंदी आपल्याच औषधांसाठीच्या कलमाखाली आली, ही बाब आजही बोचावी अशी आहे. मात्र घरच्या तव्यावर भाजून कुटलेल्या मशेरीवर कोणत्याही अधिसूचनेचा अंमल चालत नाही. ती लावणारी स्त्री दोन कारणे सांगते. एक, दात दुखत नाहीत. दुसरे, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. पहिल्या कारणाचे उत्तर दंतवैद्याने द्यावे. दुसरे संपूर्णपणे आपल्या अखत्यारीतले आहे. विबंधाची चिकित्सा नीट झाली, रात्री त्रिफळा किंवा प्रकृतीनुसार एरंडस्नेह दिला, जेवणाच्या वेळा सुधारल्या, तर मशेरी सोडण्यातील अर्धी अडचण दूर होते. माझ्या पाहण्यात ज्या स्त्रियांची मशेरी सुटली, त्यांपैकी बहुतेकींची पोटाची तक्रार आधी हाताळावी लागली. तेव्हा कोणी कोणाकडे रुग्ण पाठवावा हा प्रश्न एकाच दिशेचा नाही.

आता एक अप्रिय मुद्दा. सदर दंतवैद्य भगिनी लहान मुलांच्या किडलेल्या दातांबाबत आईला हमखास विचारतात, ‘रात्री झोपताना काय देता?’ उत्तरात दुधाची बाटली असते, बिस्किट असते आणि अनेकदा मधातले सितोपलादी किंवा चमचाभर च्यवनप्राशही असतो. अवलेहात साखर किती असते ते औषधनिर्मात्यांना सांगावयास नको. मध व शर्करा ही उत्तम अनुपाने आहेत, पण दातांच्या खाचांत रात्रभर चिकटून राहिली तर कृमिदंतास दुसरे निमंत्रण लागत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे धुतले जाण्याची नैसर्गिक सोयही नसते. मात्रा सायंकाळी द्यावी, त्यानंतर कोमट पाण्याने चूळ भरून घ्यावी, आणि दात घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये, एवढे पथ्य औषधाच्या पाकिटावर लिहिले तरी पुरे. दीर्घकाळ चाटणे देणाऱ्या प्रत्येक वैद्याने ते लिहावे.

फ्लोराइडबाबतही आपण टोकाची भूमिका घेऊ नये. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात ते मुळातच जास्त असल्याने दातांवर डाग व अस्थींचे विकार दिसतात. तेथे पाण्याचा विचार आधी. पण म्हणून सर्वत्र फ्लोराइडयुक्त पेस्ट विषासमान ठरवणे योग्य नव्हे. दात किडण्यापासून तिचा बचाव चांगला सिद्ध झालेला आहे, आणि किडीची प्रवृत्ती असलेल्या मुलाला केवळ मंजनावर ठेवण्याचा हट्ट मी तरी धरणार नाही.

प्रमेहाच्या रुग्णांची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. टाळू, गळा, जीभ व दात यांवर मलसंचय होणे हे सुश्रुतांनी प्रमेहाचे पूर्वरूप म्हणून नोंदविले. आधुनिक वैद्यक आज सांगते की रक्तशर्करा अनियंत्रित असता हिरड्यांचा विकार बळावतो, आणि हिरड्यांतील जंतुदोष रक्तशर्करा आवरण्यात अडथळा आणतो. हे पूर्वरूप आपण पाठ म्हटले, परीक्षेत लिहिले, गुण मिळवले. बाह्यरुग्ण विभागात मात्र प्रमेहाच्या केसपेपरवर दातांचा रकाना नसतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य व शालाक्य पदव्युत्तरांना करावयाच्या शस्त्रकर्मांची यादी प्रसिद्ध केली. तीत दात काढणे व रूट कॅनालचाही उल्लेख होता. इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबर २०२० रोजी देशव्यापी बंद पुकारला आणि दोन्ही बाजूंनी बरीच कटुता आली. यादीच्या बाजूने बोलणाऱ्यांत मीही होतो आणि शालाक्यतज्ज्ञांचा तो अधिकार आजही मला मान्य आहे. पण आपणांपैकी बहुसंख्य बी.ए.एम.एस. वैद्यांचा त्या यादीशी थेट संबंध नाही, आणि तिच्या निमित्ताने अनेक गावांत वैद्य व दंतवैद्य यांच्यातील चिठ्ठ्यांची ये-जा थंडावली, याचे मला दुःख वाटते. दात उपटण्याचा अधिकार कोणाचा यावर आपण तावातावाने बोललो. तोंड उघडून पाहण्याचा अधिकार सर्वांनाच होता, तो फार थोड्यांनी वापरला.

औषधविक्रेते मित्रांना एवढेच सांगावयाचे आहे. दहावर एक डबी मोफत या स्कीमचा हिशोब मला समजतो, आणि मंजन विकू नये असे मी म्हणत नाही. निरोगी तोंडात मऊ, बारीक वस्त्रगाळ मंजनास, इरिमेदादी किंवा तिळतेलाच्या गंडूषास जागा आहेच. पण लवंगतेलाची बाटली मागणाऱ्या गिऱ्हाईकास ‘किती दिवस दुखते?’ एवढा प्रश्न जरूर विचारावा. लवंगतेल वेदना बधिर करते, कीड थांबवत नाही. हिरडीवर सांडले तर भाजतेही. गाल सुजला असेल, ताप असेल, तोंड तीन बोटेही उघडत नसेल, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर त्या दिवशी काहीही न विकता त्याला दंतवैद्याकडे धाडावे. सुपारी-गुटख्याची सवय असलेल्या तरुणाच्या बाबतीत तर तोंड कमी उघडणे ही धोक्याची घंटा आहे.

माझ्या दवाखान्यात गेली काही वर्षे केसपेपरवर ‘दंत-दंतमूल’ असा रकाना छापून घेतला आहे आणि त्याखाली शर्करा, रक्तस्राव, व्रण, मशेरी/सुपारी अशा खुणा करावयाच्या चौकटी आहेत. टॉर्च लावून पाहण्यास मिनिटभरही लागत नाही. जिल्हा शाखेच्या पुढील बैठकीत नमुना सर्वांना देता येईल. त्याच बैठकीस गावातील दंतवैद्यांस बोलवावे, अशी माझी सूचना आहे. आणि त्यांच्यासोबत त्यांची सहायिका येणार असेल तर तिलाही व्यासपीठावर खुर्ची द्यावी, म्हणजे तो दुसरा प्रश्न कसा विचारावयाचा हे ती स्वतःच दाखवील.