गाडीची मान आखडू देऊ नका

आखाजी तोंडावर आली की कडोदऱ्यातल्या आपल्या घरांत एकच गडबड असते. कुणाची बहीण माहेरी यायची असते, कुणाला स्वतःलाच गावी जायचं असतं. चलथानहून गाडी पकडली तर नंदुरबार, अमळनेर, जळगाव सगळं एका रुळावर आहे, तरी निम्मी पोरं मोटरसायकलच काढतात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी. तिथून कुणी नंदुरबारकडे वळतं, कुणी कोंडाईबारी घाट चढून दहिवेल-साक्रीमार्गे धुळ्याला जातं. धुळ्यापर्यंत दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता, मागे बायको, मध्ये लेकरू, टाकीवर पिशवी, आणि शेजारून चौदा-सोळा चाकांचे ट्रक.

निघायच्या आदल्या दिवशी काय होतं? गाडी धुतात, ऑइल बदलतात, हवा भरतात, चेन ताणून घेतात. हँडलचं ग्रीस मात्र शंभरात एखादाच बघतो. माझं मत साधं आहे, पण ठाम आहे. वर्षातून एकदा, आखाजीच्या आधी, हँडलचे बॉल रेसर उघडून, पुसून, नवं ग्रीस भरून घेतल्याशिवाय कुटुंब बसवून गाडी महामार्गावर नेऊ नये. आणि गॅरेजात "हँडल ढिलं वाटतं, जरा टाइट करी आपो" असं म्हणणं आपण सगळ्यांनी बंद करावं.

ज्यांनी हा भाग कधी उघडलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेसिसच्या पुढच्या टोकाला एक नळी असते, ती गाडीची मान. त्या नळीतून पुढच्या फोर्कचा दांडा, म्हणजे मिस्त्री ज्याला 'टी' म्हणतात तो, वर जातो. नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला लोखंडी वाट्या असतात आणि त्यांत सुट्या गोळ्या. वर साधारण वीसेक, खाली तेवढ्याच, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. काही गाड्यांत गोळ्यांऐवजी टेपर रोलर असतात. अख्खं हँडल या गोळ्यांवर फिरतं. कोणी याला बॉल रेसर म्हणतं, कोणी कोन सेट. नाव काहीही घ्या, वस्तू तीच.

आता याची अडचण अशी की चाकाचं बेअरिंग गरगर फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. हँडल मात्र गरगर फिरत नाही. महामार्गावर ते तासन् तास जवळजवळ सरळच असतं, जेमतेम इकडे-तिकडे हलतं. म्हणजे गोळ्या त्याच जागी बसून असतात आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्याच जागी हातोडा मारतो. ग्रीस असलं तर मार थोडा सुसह्य होतो. ग्रीस वाळलं किंवा वाहून गेलं की लोखंड लोखंडावर आपटतं, आधी गंज, मग वाटीत बारीक खाचा. खालची वाटी आधी जाते, कारण भार आणि धक्का तिच्यावर जास्त, आणि पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी-चिखलही तिलाच.

खाचा पडल्या की हँडल बरोबर मधोमध आल्यावर किंचित अडकतं, जसा कपाटाचा दरवाजा कट्ट करून बसतो. थांबलेल्या गाडीवर ते जाणवत नाही. चालत्या गाडीवर जाणवतं, ती नागमोडी जाते. दोन चाकांची गाडी काही आपोआप उभी राहत नाही. आपण आणि ती मिळून हँडलच्या बारीक-बारीक हालचालींनी तोल सावरत असतो, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. मान आखडली की ही सावरासावर उशिरा होते आणि मोठ्या झटक्याने होते. कडोदरा चार रस्त्यावर, जिथे मुंबई-अहमदाबादचा जुना आठ नंबर (आता ४८) आणि धुळ्याकडचा जुना सहा नंबर (आता ५३) एकमेकांना छेदतात, तिथे ट्रकच्या शेजारून हळू गाडी काढताना त्या अर्ध्या वीतभर सावरण्यावरच सगळं अवलंबून असतं. ऊस गाळपाच्या दिवसांत बारडोलीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमधून पडलेली कांडी चुकवताना तर जास्तच.

आता "टाइट करी आपो" ला माझा विरोध का, ते ऐका. पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडलखाली टक्-टक् होतं तेव्हा रेसर ढिले असतात, हे खरं. पण कोरड्या, गंजलेल्या रेसरचा नट आवळला तर आवाज जातो आणि रोग वाढतो. गोळ्या वाटीत आणखी दाबल्या जातात, खाचा खोल होतात. पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. महिन्याभराने हँडल जड. म्हणजे दुखणाऱ्या मानेला पट्टा करकचून बांधायचा आणि दुखणं गेलं म्हणायचं.

यात सगळा दोष मिस्त्रीचा आहे असं मला वाटत नाही. हे काम नीट करायचं तर पुढचं चाक, मडगार्ड, फोर्क, हँडल, सगळं उतरवावं लागतं. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर सोडून नीट बांधून ठेवावा लागतो, पाइपवर लोंबकळत ठेवायचा नसतो. जुनं ग्रीस रॉकेलने धुवायचं, वाट्या कापडाने कोरड्या करायच्या, बोटाने चाचपून खाच आहे का बघायचं. अर्ध्या दिवसाची मेहनत, आणि शेवटी गाडी बाहेरून दिसते तशीच! आपण पैसे कशाचे देतो? चमकणाऱ्या गोष्टींचे. सीट कव्हर, नवा आरसा, नंबर प्लेटवर गावाचं नाव, याला कुणी घासाघीस करत नाही. न दिसणाऱ्या कामाची मजुरी सांगितली की मात्र आपण म्हणतो, "एवढे कशाचे, भाऊ?" मग तोही नट आवळून मोकळा होतो. नट आवळणारा मिस्त्री आपणच घडवला आहे.

आमच्या गल्लीत शिरपूरकडचे एक मिस्त्री होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. ते गोळ्या काढून स्टीलच्या ताटलीत ठेवायचे आणि ताटली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "मोज." परत बसवताना पुन्हा मोजायला लावायचे. एक कमी भरली तर ती शेणात पडली असेल तरी शोधायची. वाटीत खाच दिसली तर नवा सेट आणायला पाठवायचे, नुसत्या गोळ्या बदलायचे नाहीत. वाट्या जुन्या आणि गोळ्या नव्या, म्हणजे नवी सून आणि जुनी भांडणं, असं ते म्हणायचे. त्यांच्याकडे काम उशिरा व्हायचं, पण ताटली हातात घेतलेला माणूस मजुरीवरून वाद घालत नसे. काम डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

आणि खरं सांगायचं तर तेल-ग्रीसची किंमत आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. आपल्या निम्म्या घरांनी सुरतेत आल्यावर पहिला पगार लूमच्या खात्यातून घेतला. तिथे तेल द्यायचं राहिलं तर मशीन किती दिवस चालेल, हे आपल्या बापजाद्यांना आवाजावरून कळायचं. शेटच्या मशीनला वेळेवर तेल आणि स्वतःच्या लेकराला बसवायच्या गाडीला मात्र नुसता पाण्याचा फवारा, हे काही बरोबर नाही. त्यात हा जोराच्या फवाऱ्याने गाडी धुण्याचा प्रकार मानेच्या मुळावरच येतो. फवारा थेट हँडलखाली मारला की पाणी टोपीच्या फटीतून आत जातं.

ऑगस्ट २००६ चा पूर आठवतो ना? उकाईचं पाणी सोडलं आणि सुरतचा बराच मोठा भाग पाण्यात गेला. त्यानंतर आपल्या नात्यागोत्यातल्या गाड्या कशा दुरुस्त झाल्या ते आठवा. इंजिनचं ऑइल बदललं, टाकी-कार्बोरेटर साफ केलं, प्लग बदलला, गाडी चालू झाली की देवाला नारळ. मान कुणी उघडली? पाणी ओसरलं तरी गंज आत राहतो. म्हणून पावसात पाण्यातून गाडी काढावी लागली, तर इंजिन चालू झाल्यावर गोष्ट संपली असं समजू नका.

काही जण म्हणतील, "नवीन गाड्यांना लागत नाही, शोरूमच्या सर्व्हिसमध्ये होतं." गाडीसोबतची पुस्तिका उघडा, हँडलच्या बेअरिंगबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि बिलावर 'तपासलं' लिहिलंय की 'ग्रीस केलं' लिहिलंय ते पाहा. दोन्हींत फरक आहे. कुणी म्हणेल, हँडल ओढतं ते दुसऱ्या कारणानेही. बरोबर आहे. आधी पुढच्या टायरची हवा बघा, मग फोर्क वाकलाय का, चाकाचं बेअरिंग खेळतंय का, ते बघा.

तपासणी घरी होते. गाडी मेन स्टँडवर घ्या, एकाने मागून दाबून पुढचं चाक उचलून धरायचं. दोन बोटांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. लोण्यासारखं फिरलं पाहिजे, मध्ये कुठे अडकायला नको. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा, खेळ जाणवला तर रेसर ढिले. दोन्हींपैकी काहीही आढळलं तर उघडायलाच सांगा. ग्रीस चांगलं लिथियमचं, एपी थ्री चालतं. नवा सेट टाकला असेल तर काहीशे किलोमीटरनंतर एकदा परत दाखवा, वाट्या बसल्या की थोडा खेळ येतो.

आणि घरातली स्कूटर विसरू नका. "ती काय, दुकानापर्यंतच जाते," म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. प्रत्यक्षात वहिनी त्याच स्कूटरवरून, पुढे लेकरू उभं करून, हँडलला भाजीच्या दोन पिशव्या अडकवून, सर्व्हिस रोडने जातात. तिचं चाक लहान, खड्ड्याचा मार जास्त, आणि मान तशीच गोळ्यांवर फिरणारी.

आखाजीच्या आधीच का? कारण त्यानंतर महिना-दीड महिन्यात पाऊस येतो, आणि नवं ग्रीस पाण्याला आत येऊ देत नाही. पावसानंतर करू म्हणालात तर तोवर गंज चढलेला असतो.

दसऱ्याला आपण हँडलला झेंडूची माळ घालतो, ती घालावीच. पण या आठवड्यात मिस्त्रीकडे गाडी नेऊन सांगा, "भाऊ, नट आवळू नको, उघड. मजुरी पूर्ण देतो." पोराला सोबत न्या आणि ताटली त्याच्या हातात द्या.