फिरणारा आवाज आणि आपली वर्गणी

गेल्या गॅदरिंगचा तो प्रसंग बऱ्याच जणांना आठवत असेल. (नसेल तर उत्तमच!) दुसऱ्या दिवशीची रात्र, हॉस्टेल ऑर्केस्ट्राचा शेवटचा आयटम. कीबोर्डवर ऑर्गनचा लांब सूर धरायचा, मग पायाने पेडल दाबायचं, आवाज गरगर फिरायला लागला की ड्रम सुरू, असं महिनाभर ठरलेलं. सूर धरला. पेडल दाबलं. पेडलवरचा लाल दिवा लागला आणि आवाज होता तिथेच राहिला! मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, पंखा लावा पंखा!" सगळा हॉल हसला. ड्रमवाला कधी सुरू करायचं या विचारात तसाच काठ्या धरून बसला.

हसण्यावारी नेलं असतं, पण ते पेडल वर्गणीतून घेतलेलं होतं. दोन्ही ब्लॉकच्या खोल्याखोल्यांतून गोळा केलेले पैसे. मेसचं बिल थकलेल्या पोरांनीही दिलेले. आणि ते घ्यायला जे दोघे पुण्याला गेले होते त्यातला एक मी. यंदा पुन्हा पेडलचा विषय निघालाय आणि मेसमध्ये रोज रात्री त्यावर वाद चालू आहेत. म्हणून म्हटलं, तोंडाने भांडण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं.

आधी हा आवाज आहे तरी काय ते पाहू. १९३५ साली अमेरिकेत हॅमंड ऑर्गन बाजारात आला. डॉन लेस्ली नावाच्या गृहस्थाने तो घरी आणला. दुकानातल्या मोठ्या हॉलमध्ये भव्य वाटलेला ऑर्गन घरात मात्र अगदी मेलेला वाटायला लागला. मोठ्या जागेत आवाज भिंतींवरून फिरून येतो, ते घरात होईना. मग त्याने स्पीकरचा आवाजच फिरवायचं ठरवलं. १९४१ पर्यंत त्याचं कपाट विक्रीला आलं. साडेतीन फूट उंच, वजन साठ किलोच्या वर! आत ८०० हर्ट्झला आवाजाचे दोन भाग होतात. वरचे सूर फिरत्या हॉर्नमधून येतात, खालचे फिरत्या ड्रममधून. (हॉर्नला तोंडं दोन दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरं नुसतं बॅलन्सला. मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) गंमत म्हणजे खुद्द हॅमंडसाहेबांना हे कपाट कधीच पसंत पडलं नाही. जगाने मात्र दोघांची जोडी लावून टाकली. १९६६ मध्ये बीटल्सनी तर जॉन लेननचा गाण्याचा आवाजसुद्धा या कपाटातून काढला.

आता फर्स्ट इयरच्या फिजिक्सकडे वळू. हॉर्न जलद फिरतो तेव्हा मिनिटाला साधारण ४०० फेरे होतात. त्याचं तोंड मध्यापासून १८ सेंमीवर आहे असं धरा. वेग येतो सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. हा वेग आपल्या ओळखीचा आहे! हंगामात कारखान्यावर ऊस टाकून रिकामा परत निघालेला ट्रॅक्टर साधारण याच वेगाने गेटसमोरून जातो, टेपवर फुल्ल आवाजात गाणी लावून. येताना गाणं जरा चढं लागतं, पुढे गेला की उतरतं. हाच डॉप्लर. आकडे टाकून बघा, सूर मूळ जागेपासून २.२ टक्के वर आणि तेवढाच खाली जातो. सा आणि कोमल रे यांच्यामधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त! असा ट्रॅक्टर सेकंदाला सहा-सात वेळा तुमच्याभोवती फिरतोय अशी कल्पना करा. त्यात तोंड तुमच्याकडे असताना आवाज मोठा आणि चकचकीत, पाठ फिरली की लहान आणि दबका. लेस्ली म्हणजे हे सगळं एकाच वेळी.

आता मेसमधले तीन पक्ष. पहिला पक्ष म्हणतो, स्वस्तातला फेजर घ्या, गरगर तर होतंच! दुसरा म्हणतो, घ्यायचं तर भारीतलंच घ्या, नाहीतर घेऊच नका. तिसरा म्हणतो, कीबोर्डमध्येच रोटरीचा इफेक्ट असतो, वर्गणी कशाला? तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

फेजर आवाजातल्या काही कंपनसंख्या खोडत वरखाली सरकतो. ट्रेमोलो फक्त लहानमोठं करतो. कोरस सूर किंचित हलवतो. प्रत्येकात लेस्लीचा एकेक तुकडा आहे. जुन्या युनि-व्हाइबमध्ये मध्ये एक लुकलुकणारा बल्ब आणि भोवती चार एलडीआर होते, बस्स! लेस्लीसारखा म्हणून तो खपला, हुबेहूब कधीच झाला नाही, पण १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने तो वाजवला आणि त्याचं स्वतःचंच नाव झालं. तेव्हा स्वस्त म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. पण आपल्या आयटमला फेजर का चालणार नाही, ते सांगतो.

लेस्लीची खरी जादू वेग बदलताना आहे. संथ चाल मिनिटाला साधारण ४० फेऱ्यांची. पायाने खटका दाबला की हलका हॉर्न सेकंदाभरात वेग घेतो. जड ड्रमला मात्र कितीतरी जास्त वेळ लागतो. (इनर्शिया, दुसरं काय!) त्या मधल्या काळात वरचे सूर पुढे पळतात, खालचे मागून धापा टाकत येतात आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आपल्याला ड्रम सुरू होण्याआधी नेमका तोच क्षण हवा होता. साध्या फेजरवर वाजवता वाजवता वाकून स्पीडचं बटण फिरवावं लागतं आणि हॉर्न-ड्रमची ती शर्यत त्यात नसतेच. निओचं व्हेंटिलेटर, स्ट्रायमनचं लेक्स, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं लेस्टर ही पेडल्स खास याच कामासाठी निघाली. त्यांत संथ-जलद असा पायाचा खटका आहे. म्हणून माझं स्पष्ट मत : पेडल निवडताना ते किती छान फिरतं हे बघू नका, फिरायला कसं लागतं आणि थांबायला कसं येतं ते बघा.

मग आमचं चुकलं कुठे? आम्ही दुकानात हेडफोन लावून ऐकलं. स्टिरिओ! आवाज या कानातून त्या कानात असा फिरला की आम्ही दोघंही येडे झालो आणि पैसे मोजून मोकळे. आपल्या हॉलचा साउंड मात्र मोनो. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून एकच आवाज. पेडलची सगळी करामत डावीकडून उजवीकडे नेण्यात होती, ती एका वायरीत जमा झाली आणि मेली. दुकानदाराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. "कुठे वाजवणार?" हे त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. इंजिनिअरिंगला असून ज्या जागी वापरायचं त्या जागी टेस्ट करायचं हे आम्हाला सुचू नये, याची लाज जास्त वाटते.

तेव्हा यंदासाठी सूचना. पेडल आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच स्पीकरवर, एकाच वायरीने ऐकायचं. परत घ्यायची अट बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. कीबोर्डचा आउटपुट गिटारपेक्षा जोरदार असतो, गिटारच्या पेडलमध्ये तो फाटतो का ते बघायचं. ॲडॉप्टरची पिन तपासायची, बऱ्याच पेडल्सना आत निगेटिव्ह लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाजवणाऱ्याने पडद्यामागे बसायचं. तीन आवाज ऐकवायचे : कीबोर्डमधला फुकटचा, फेजरचा आणि खास पेडलचा. समोर वाद्य न वाजवणारी दहा पोरं बसवायची. त्यांना फरक कळला नाही तर फुकटचा वापरायचा आणि वर्गणी परत करायची. माझं मत हरलं तरी चालेल.

एका सरांनी परवा विचारलं, "शेवटी नक्कलच ना? त्यासाठी एवढा खटाटोप?" सरांचा मान ठेवून सांगतो, आपलं संगीत नकलेला कधी लाजलेलं नाही. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी, जिच्यावर अख्खा देश डोलला, ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर ती वाजवली होती. पेटी परदेशातून आली आणि भजनात बसली. गंधर्व नाटक मंडळीच्या पदांना साथ करणारा पायांनी भाता मारायचा ऑर्गनही परदेशीच. आणि मागच्या रांगेतल्या त्या मित्रासाठी खास माहिती : जुन्या अमेरिकन पायपेट्यांत स्वराला कंप आणायला आत हवेवर फिरणारा खरोखरचा पंखा असायचा. तू बरोबर बोललास बाबा!

शेवटचं एक. ईअँडटीसीच्या मित्रांनो, दरवर्षी तेच ते प्रोजेक्ट उचलण्यापेक्षा हे घ्या. एक फिल्टर ८०० हर्ट्झचा, बदलत्या लांबीच्या दोन डिले लाइन, दोघींचा वेग घेण्याचा काळ वेगळा. मायक्रोकंट्रोलरवर बसेल. पहिल्या वर्षी भिकार वाजेल, चालेल. पुढची बॅच सुधारेल. तो डबा हॉस्टेलचा राहील आणि त्याच्या आतलं काय बिघडलं हे आपल्यातल्या कुणाला तरी माहीत असेल.

तोवर जे काही घेऊ त्याचं बिल मेसच्या नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे, पैशांसकट. सुरुवात मी करतो. गेल्या वर्षीचं बिल आज रात्री तिथे लावतोय. शिव्या द्यायच्या असतील त्यांनी जेवण झाल्यावर द्याव्यात!