निर्णय कळा सुरू होण्याआधी

पहिले बाळंतपण माहेरी, नवरा कामाच्या गावी. आणि तांबी बसवायची का, हा प्रश्न कळांनी हैराण झालेल्या बाईला विचारला जातो. ही विचारण्याची वेळच नव्हे. प्रसूतीनंतर 48 तासांत तांबी बसवता येते, म्हणूनच तो निर्णय गर्भारपणातच, दोघांनी बोलून झालेला हवा. ‘अंगावर पाजतेय, दिवस कसे राहतील?’ या समजावर कितीतरी घरे विसंबून असतात. ते संरक्षण पहिल्या सहा महिन्यांपुरतेच; तेही बाळ रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी परतली नसेल तर. पुढच्या गर्भधारणेआधी किमान 24 महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण सुमारे 38 टक्के, पुरुष-नसबंदीचे 0.3 टक्के. हा भार एकटीवर टाकणे अन्यायाचे आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. आरोग्य विभागाने त्या दिवशी नवऱ्यालाही आत बोलवावे, आणि नवऱ्यांनी एका दिवसाचा खाडा करून जावे.