विम्याचा सल्लागार कोणाचा?

पुणे-नाशिक रस्त्याने चाकण मागे टाकून राजगुरुनगरकडे निघाले की वाहनविक्रीची दालने लागतात. ज्या पट्ट्यात मोटारसायकलींपासून उंची मोटारींपर्यंत सर्व काही तयार होते, त्या पट्ट्यातील कामगार आपली पहिली दुचाकी किंवा टेंपो अशाच एखाद्या दालनातून कर्जाने घेतो. गाडीची किंमत तो चार ठिकाणी विचारतो, व्याजाच्या दरावर घासाघीस करतो. विम्याचा कागद मात्र विक्रेत्याने पुढे सरकवला की सही करून मोकळा होतो. घराची कथा याहून वेगळी नाही. गृहकर्जाच्या कागदांच्या चळतीत विम्याचा एक अर्ज असतो आणि त्यावरची सही ही कर्जाचीच अट आहे असे कर्जदार समजून चालतो. संकटाच्या दिवशी ज्या करारावर संसार तरायचा, तो करार निवडताना त्याच्या बाजूने बोलणारे कोणीच नसते. तालुक्याच्या गावातील विम्याचा खरा प्रश्न हा आहे.

ग्राहकाने स्वतंत्र प्रतिनिधीकडे जावे आणि त्याने अनेक कंपन्यांचे दर व अटी पडताळून घराचा व गाडीचा विमा सुचवावा, ही पद्धत अमेरिकेत रूढ आहे. आपल्या कायद्याची मांडणी निराळी आहे. येथील वैयक्तिक विमा प्रतिनिधीला सर्वसाधारण विम्यात एकाच कंपनीचे काम करता येते. तो कायद्याने कंपनीचा माणूस असतो. ग्राहकाच्या वतीने अनेक कंपन्यांचे दार ठोठावण्याचा अधिकार आहे तो ब्रोकरला. परंतु २०१८ च्या नियमांनुसार थेट विम्याचा ब्रोकर होण्यास किमान ७५ लाख रुपयांचे भांडवल लागते. एवढे भांडवल घालणारा माणूस कारखान्यांच्या आणि मोठ्या मालमत्तांच्या विम्याकडे पाहील, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याला धरूनच आहे. दुचाकीच्या हप्त्यावरील कमिशनात त्याचा जाण्यायेण्याचा खर्चही निघत नाही. मोबाइलवर दरांची तुलना करून देणाऱ्या ब्रोकर कंपन्या आज आहेत. त्या हप्त्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडतात, पण अटींचा अर्थ समजावून घेण्यासाठी ज्याच्या समोर बसावे असा माणूस त्या देत नाहीत. ब्रोकरलाही मोबदला मिळतो तो विमा कंपनीकडूनच, हेही विसरून चालणार नाही.

या अवस्थेला इतिहास आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण सुरू झाले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा व्यवसाय करणाऱ्या १०७ संस्थांच्या जागी चार सरकारी कंपन्या आल्या. त्या व्यवस्थेत दर ठरलेले असत, त्यामुळे तुलना करण्याजोगे फारसे काही नव्हते. पैसा बुडण्याची भीती गेली, पण खेड्यातील घरापर्यंत विमा पोहोचविण्याचे काम अपुरेच राहिले, हा त्या व्यवस्थेचा दोष मान्य केलाच पाहिजे. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि २००७ पासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या व घराच्या विम्याचे ठरीव दर गेले. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, असे तेव्हा सांगण्यात आले. परंतु ज्याला अटी वाचून समजत नाहीत, त्याच्या हाती आलेल्या निवडीचा लाभ विकणाराच घेतो. २०२३ मध्ये कमिशनावरील प्रकारवार मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा तेवढी ठेवण्यात आली. ज्या कंपनीकडून अधिक कमिशन मिळेल तिचीच पॉलिसी पुढे करण्याचा मोह त्यामुळे कमी झाला, असे कोण म्हणेल?

सल्ल्याची गरज नेमकी कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. वाहनाखाली सापडलेल्या तिऱ्हाइताच्या भरपाईचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा मूळ हप्ता केंद्र सरकार ठरवते; तेवढाच विमा घ्यायचा तर कंपन्यांच्या दरांत शोधण्यासारखे काही नाही. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा अपघात विमा एका माणसाला एकदाच पुरतो. घरात त्याच्या नावावर दोन गाड्या असतील तर दुसऱ्यांदा तो भरण्याचे कारण नाही. हप्ता कमी दाखविण्यासाठी गाडीची विमामूल्य रक्कम उतरवली जाते. गाडी चोरीला गेली की मिळते ती ही उतरवलेली रक्कम. पाळीच्या वेळेला चार सहकाऱ्यांना भाडे घेऊन कारखान्यापर्यंत नेणाऱ्याची मोटार खाजगी वापरासाठी नोंदलेली असेल, तर अपघातानंतर त्याचा दावा अडू शकतो. चाकणच्या पट्ट्यात असे सांगणारा माणूस पॉलिसी घेण्याच्या वेळी भेटला पाहिजे. अपघातानंतर भेटून काय उपयोग?

घराच्या बाबतीत गैरसमज आणखी मोठे आहेत. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच साच्याची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, भूकंप, पूर, दरड यांपासून संरक्षण आहे. विमा उतरवायचा तो घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. कारखाने आल्यापासून या तालुक्यात गुंठ्याचा भाव कोठल्या कोठे गेला. पण जमीन जळत नाही. बाजारभावाने विमा उतरवणारा मालक जमिनीच्या किमतीवरही हप्ता भरत राहतो. घरफोडी या पॉलिसीत आपोआप येते असाही समज आहे; वास्तविक आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे, तिच्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच तिच्यात धरली जाते. दागिन्यांची चिंता असणाऱ्याने वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते.

घराचा विमा ही शहरी चैन आहे, असे मानणाऱ्यांनी शेजारच्या आंबेगाव तालुक्याची आठवण ठेवावी. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. शासनाला नवे गाव वसवावे लागले, त्याचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले. एवढ्या मोठ्या आपत्तीत शासन धावून येते आणि यावेच. पण एका घराची भिंत पुराने खचली तर तेथे कोणी मंत्री येत नाही. त्या एकट्या घराला आधार हवा तो विम्याचा. तो परवडण्याजोगा असूनही घेतला जात नाही, याचे एक मोठे कारण सांगणारा विश्वासू माणूस नसणे हे आहे.

असा माणूस कोठून यावा? खेड तालुक्याला सहकार नवा नाही. कामगारांच्या पतसंस्था आणि सहकारी बँका येथे माणसांच्या ओळखीवर चालतात. सहकारी संस्थेला विम्याची संस्थात्मक प्रतिनिधी होता येते आणि २०२२ पासून अशा प्रतिनिधीला सर्वसाधारण विम्याच्या नऊ कंपन्यांशी करार करता येतो. एकट्या प्रतिनिधीला जी तुलना कायद्याने करता येत नाही, ती संस्थेला करता येईल. अर्थात संस्थाही कमिशन घेणार, आणि कर्जाबरोबर विमा गळ्यात मारण्याची बँकांची सवय तिला लागणार नाही याची हमी कोण देणार? १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४१ कमिशन ग्राहकाला परत देऊ देत नाही. तेव्हा संस्थेने त्या पैशातून दाव्याचे काम जाणणारा एक पगारी माणूस नेमावा, कोणत्या कंपनीकडून किती कमिशन आले ते वार्षिक सभेत मांडावे आणि कर्जाचा अर्ज व विम्याचा अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर ठेवावेत. ज्याला सभेत उत्तर द्यावे लागते, तोच सभासदाचा सल्लागार होऊ शकतो.

शासनाकडेही मागणी केली पाहिजे. मध्यस्थाला मिळालेली रक्कम प्रत्येक पॉलिसीवर मराठीत छापण्याची सक्ती हवी, आणि लहान हप्त्यांच्या ग्राहकांसाठी काम करू इच्छिणाऱ्या सहकारी ब्रोकर संस्थेला भांडवलाच्या अटीत सवलत हवी. तोपर्यंत ग्राहकाने आहेत ते हक्क वापरावेत. दालनातूनच विमा घेण्याची सक्ती विक्रेत्याला करता येत नाही, हे २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. दावा नाकारला गेला तर कंपनीकडे लेखी तक्रार करून, महिनाभरात समाधान न झाल्यास पुण्यातील विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे.

विम्याच्या मुळाशी कल्पना आहे ती अनेकांनी थोडे थोडे घालून एकाचे नुकसान वाटून घेण्याची. ती समाजवादाला परकी नाही; कामगाराने तर ती पतसंस्थेच्या रूपाने कधीच आपलीशी केली आहे. आता त्याने आपल्या संस्थेच्या पुढील सभेत उभे राहून विचारावे, की आमच्या घराचा आणि गाडीचा विमा कोण निवडतो आणि त्याला पैसे कोण देतो. उत्तर मिळेपर्यंत त्याने खाली बसू नये.