सवलतीची किंमत कोण मोजतं?

'सवलत' म्हटलं की आपल्याला वाटतं, समोरच्याने दिली, आपण घेतली, विषय संपला. पण देशादेशांच्या व्यापारात ते इतकं सोपं नसतं. त्यासाठी जरा भवानीनगरला जाऊया.

इंदापूर तालुक्यातलं हे गाव म्हणजे श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचं गाव. अमेरिका भारताची कच्ची साखर कमी शुल्कात घेते, पण वर्षाला साधारण साडेआठ हजार टनच. त्यावर जबर शुल्क. आता गणित करा. रोज ५,००० टन ऊस गाळणारा, १० टक्के उतारा असलेला एखादा कारखाना घ्या. दिवसाला ५०० टन साखर. म्हणजे अख्ख्या देशाचा कोटा हा एकटा पठ्ठ्या १७ दिवसांत संपवेल! २०२१-२२ मध्ये आपण १ कोटी टनांहून जास्त साखर बाहेर विकली. त्यापुढे हा कोटा म्हणजे चिमूटभर.

बरं, साखर सोडा. विकसनशील देशांच्या हजारो वस्तूंवरचं शुल्क माफ करणारी अमेरिकेची मोठी योजना म्हणजे जीएसपी. १९७६ पासून चालू होती. ५ जून २०१९ ला अमेरिकेने भारताला त्यातून काढलं. कारण काय, तर भारत आपली बाजारपेठ पुरेशी उघडत नाही. तक्रार करणाऱ्यांत वैद्यकीय उपकरणं बनवणारे होते, आणि दुग्धव्यवसायवालेही. ज्या गाईंना जनावरांच्या अवयवांचं किंवा रक्ताचं खाद्य दिलेलं नाही त्यांचंच दूध चालेल, असा दाखला आपण मागतो. तो त्यांना जाचक वाटतो.

इथे भवानीनगर पुन्हा येतं. उसाचं बिल हप्त्याहप्त्याने मिळतं. घरखर्च चालतो तो दुधाच्या पगारावर. जीएसपीचा फायदा इंजिनिअरिंग, चामडं, रसायनं यांच्या निर्यातदारांना, आणि बदल्यात स्पर्धा सोसायची ती दोन गाई असलेल्या बाईने. फायदा तरी किती? ५६० कोटी डॉलरच्या मालावर जेमतेम १९ कोटी डॉलर शुल्क वाचत होतं, असं तेव्हा आपल्याच सरकारने सांगितलं होतं.

छोट्या निर्यातदारांचं नुकसान झालं, हे खरंच. पण मर्जीने मिळालेली सवलत मर्जीने जाते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा करार परवडला. फक्त त्याच्या वाटाघाटींत किंमत मोजणाऱ्याला आधी विचारा, एवढंच माझं म्हणणं.

तुम्हाला काय वाटतं?